तांब्याची खाज

मागच्या महिन्यात पलीकडच्या वस्तीवरची एक बाई चौकशी करत माझ्याकडं आली. तिच्या कुत्र्याला खाज सुटली होती, आणि आमचं कुत्रं अशाच दुखण्यातून उठलं हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी चहा ठेवला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला बसले. अर्ध्यावरच तिनं मला थांबवलं. "ते समदं ऱ्हाऊ द्या वैनी, इंजेक्शन कोणचं दिलं तेवढं सांगा." मी नाव सांगितलं. ती ते तोंडानं घोकत घोकत बांधावरून निघून गेली.

तेव्हापासून मला चैन नाही. इंजेक्शन आम्हीही दिलं होतं, आणि तरीही आमचं कुत्रं मरणाच्या दारात जाऊन बसलं होतं. म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दहावी झालेली, कळंबच्या शिवारात राहणारी बाई आहे. घरात जे घडलं तेवढंच सांगेन, आणि जे करू नये ते ठणकावून सांगेन.

पत्र्यावरचा आवाज

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. त्यांचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात कळप होता. पुढं चरायची माळरानं एकेक करून उसाखाली गेली, पाय ठेवीन तिथं कुणाचा तरी बांध लागायला लागला, आणि आबांनी कळप विकला. कळपातल्या दोनच गोष्टी त्यांनी मागं ठेवून घेतल्या. एक तांब्या, तेव्हा नुकताच मोठा झालेला, तांबूस रंगाचा कुत्रा. आणि दुसरी, शेवटच्या कातरणीची लोकर सणगराकडं देऊन विणून घेतलेली काळी घोंगडी.

या नावापायी आमच्या घरी फार गमती व्हायच्या. आबांनी ओसरीवरून "तांब्या कुठाय गं?" म्हणून हाक मारली की नवा पाहुणा म्हणायचा, "नको नको, पाणी नको, आत्ताच प्यालोय." माझी मुलगी रूपा पाच वर्षांची होती. ती मुद्दाम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायची आणि आबांच्या पुढं ठेवायची. आबा तिला लटकं रागवायचे. हा खेळ रोजचा होता.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्या हिवाळ्यात कारखान्याचा हंगाम नुकता सुरू झाला होता. आमचे हे कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पाळ्या करून दमून यायचे. आधी त्यांनाच तो आवाज खटकला. तांब्या पडवीत पत्र्याला टेकून बसायचा, आणि मागच्या पायानं मान खाजवायला लागला की त्याचं ढोपर पत्र्यावर आपटायचं. ठकठक, ठकठक. मधे जरा थांबायचं, की परत सुरू. आधी कानांच्या कडांवरचे केस गेले. मग कोपरांवरचे. मग पोट उघडं पडलं, आणि त्यावर खपल्या धरल्या.

"वारं बदललं की जनावर खाजवतंच," आबा म्हणाले. "हुईल गप."

तो गप झाला नाही. चावून चावून त्यानं स्वतःची शेपटी सोलून काढली. जो कुत्रा एका शिट्टीवर शंभर मेंढरं वळवायचा, तो खाजवता खाजवता भाकरीकडं बघायचं विसरायला लागला. मला तेव्हा त्याची दया येत होती. पुढं काही दिवस तीही येईनाशी झाली.

ज्याला त्याला औषध ठाऊक

कुत्र्याला खाज सुटली आहे म्हटल्यावर वस्तीवरचा प्रत्येक माणूस वैद्य होतो. कुणी कडुलिंबाचा पाला उकळून अंघोळ घालायला सांगितलं. ती घातली, दोन दिवस बरं वाटलं. कुणी करंजाचं तेल सांगितलं, कुणी खोबरेल तेलात गंधक. कुणी सांगितलं, की तंबाखूच्या पाण्यानं पुसा. ते पाणी जखमेला लागलं तेव्हा तांब्या असा ओरडला की मी फडकं फेकून दिलं.

बांधाला बांध लागून असलेले आमचे शेजारी तात्या, गुऱ्हाळवाले. माणूस मदतीला धावणारा, पण प्रत्येक गोष्टीचा निकाल आधीच लावून ठेवलेला. ते म्हणाले, "ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावा. किडा गुदमरतो." ह्यांनी वर्कशॉपमधून डबाभर काळं ऑइल आणलं आणि कुत्र्याला चोपडलं. कुत्रं अंग चाटतं, एवढं साधं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तांब्यानं चाटलं, आणि तो ओकायला लागला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन ताक पाजत बसले होते. तुमच्या घरी कुणी असला डबा आणला तर तो कुत्र्यापर्यंत पोहोचू देऊ नका. उसावर मारायचं औषध तर त्याहून नको.

माझ्या परीनं मी कारण शोधत होते. त्याला शिळं कालवण घालणं बंद केलं. मग दूध बंद केलं. तण मारायचं औषध मारलेल्या फडात तो लोळत असेल म्हणून साखळीला बांधून ठेवला. मळीच्या पाण्याच्या ओढ्याकडं जाऊ दिला नाही. काहीही केलं तरी ठकठक चालूच होती.

मूळ थांबवा

मग रूपाला सुरू झालं. आधी मानेवर बारीक पुरळ, मग हातांवर, पोटावर. मला वाटलं उसाचं पाचट लागलं असेल. माझ्या स्वतःच्या हातांना, कोपरापासून मनगटापर्यंत, तशीच आग होत होती, आणि त्याचाही दोष मी पाचटावरच टाकला होता. रूपानं खाजवून जखमा केल्या, त्यात पू झाला, आणि एका दुपारी तिच्या अंगात ताप फणफणला.

आम्ही बारामतीला गेलो. डॉक्टर मध्यमवयाचे, कमी बोलणारे. त्यांनी रूपाला पाहिलं आणि मग मला म्हणाले, "तुमचे हात बघू." मी पदराखालून हात काढले.

"घरात कुत्रं आहे?"

"आहे."

"केस गेलेत त्याचे?"

मी मान हलवली. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "त्याची खरूज तुम्हाला लागली आहे. घाबरू नका. कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर फार टिकत नाही. हिच्या जखमा चिघळल्या म्हणून ताप आहे, चार दिवस ठेवून घेऊ. पण औषधानं भागणार नाही. मूळ थांबवा."

बाहेरच्या बाकावर बसल्यावर मला रडू कोसळलं. माझ्या लेकराला कुत्र्याची खरूज झाली, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत झाली, याची मला विलक्षण लाज वाटत होती. हे म्हणाले, "ऐकलंस न्हवं? मूळ थांबवा म्हनले." त्यांच्या मनात मूळ म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही.

दवाखान्यातले दिवस

सकाळी नर्सबाई रूपाच्या जखमा पुसायच्या तेव्हा ती माझं बोट एवढं घट्ट धरायची की नख रुतायचं. मग गुलाबी औषध लावायचं, ते वाळेपर्यंत तिला धरून ठेवायचं, मग इंजेक्शन. खाजवू नये म्हणून तिच्या हातांत मोजे घालून वर दोरीनं बांधले होते. वॉर्डातल्या दुसऱ्या बाया आपली पोरं आमच्या खाटेकडं येऊ देत नव्हत्या. त्यांचं चुकत नव्हतं, पण काळजाला लागायचं. एकच, सासवडकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती, ती आपल्या डब्यातली भाजी रोज आमच्याकडं सरकवायची आणि काही विचारायची नाही. तिचं नावही मी विचारलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

रूपानं मला विचारलं, "तांब्याच्या हाताला बी मोजं घातलं का गं आई?"

मी म्हटलं, "घातलं." खोटंच सांगितलं.

आबा एसटीनं जेवण घेऊन आले. खांद्यावर घोंगडी, हातात भाकरीचं गाठोडं. मी त्यांना दाराशीच थांबवलं. तांब्या त्यांच्यापाशी झोपायचा, आणि रूपा त्यांच्या मांडीवर खेळायची, हे माझ्या डोक्यात घण घातल्यासारखं चाललं होतं. "आबा, तिच्याजवळ नका येऊ," मी म्हणाले. ते दारातूनच नातीकडं बघून हसले, गाठोडं खाली ठेवलं आणि परत गेले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि दोन्हीत कुठलं जास्त ते सांगता यायचं नाही.

तांब्याचं काय करायचं

रूपा घरी आली त्या दिवशी बाप-लेकात जुंपली. मी आजवर ह्यांना आबांपुढं आवाज चढवताना पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर सोता म्हनले, मूळ थांबवा."

"मूळ म्हंजी?"

"म्हंजी कुत्रं. तात्या भाकरीत घालून देतो म्हनलाय. त्याला कळणार बी न्हाय."

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "कुत्रं म्हंजी देवाच्या दारचं जनावर. ह्या घरानं आजपातूर कुत्रं मारलं न्हाय. आन् ह्यानं तर कळप राखलाय. लांडग्यानं मान धरली व्हती त्याची, तवा बी मागं सरला न्हाय."

"माझी पोर खाटंवर व्हती आबा!"

आबा उठले, आपलं अंथरूण गोळा केलं आणि तांब्याला घेऊन शेळ्यांच्या छपरात राहायला गेले. घरात चूल एकच होती, पण ताटं दोन ठिकाणी जायला लागली. मी छपराच्या उंबऱ्यावर त्यांचं ताट ठेवायची आणि मागं फिरायची. रूपा ओसरीवरून "आबा" म्हणून हाक मारायची. आबा छपरातून "काय गं बाय" म्हणायचे. त्यापुढं तिला मी जाऊ देत नव्हते.

शेवटी मीच ह्यांना म्हणाले, "पोरीला माणसांच्या डॉक्टरला दाखवलं, कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरला दाखवू. एकदाच. मग तुमी म्हणाल तसं." ह्यांनी हो म्हटलं, पण शब्द घेतला. परत खाज सुटली तर तात्याला बोलवायचं, आणि मग कुणी आडवं यायचं नाही. आबांनीही मान हलवली. तांब्याचा जीव या एका शब्दावर आला.

काचेखालचा किडा

कुत्र्याला एसटीत घेत नाहीत. बारामतीच्या मार्केट यार्डाला कांदा घेऊन जाणारा एक टेम्पो होता, त्यात मागं पोत्यांवर आबा बसले. गार वारं लागतं म्हणून त्यांनी तांब्याला घोंगडीत गुंडाळून पोटाशी धरलं होतं.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी पात्यानं तांब्याच्या कानाची कड हलकेच खरवडली, ती काचेवर घेतली आणि यंत्रातून पाहिली. मग आबांना म्हणाले, "या बाबा, तुम्हीपण बघा." आबांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"आगायायाय. गोचिडीवानी हाय की! पर डोळ्याला दिसंना."

"यालाच लूत म्हणतात. हा किडा कातडीत घर करतो."

माझ्या वाचकांनो, पहिल्या दिवशीच एवढं करा. खाज पिसवांची असते, खाण्याची असते, जखमेची असते, बुरशीची असते. खरवडून पाहिल्याशिवाय लूत आहे की नाही ते कळत नाही, आणि कळल्याशिवाय दिलेलं औषध हा नुसता अंदाज असतो.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, काही दिवसांनी परत आणायला सांगितलं, अंगाला लावायचं औषध दिलं. आणि मला बजावलं, "घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढा. कुत्रं जिथं बसतं ते सगळं." मी शब्दाला पक्की आहे. घरी येऊन गोधड्या, वाकळा, चादरी, अभ्रे, तांब्याचं पोतं, रूपाची बाहुलीसुद्धा उकळली. आबांच्या छपरातली वाकळ उकळली. छपर झाडून चुना मारला.

तांब्या सुधारला. खपल्या गळल्या. ठकठक थांबली. सात-आठ दिवस घरात असं बरं वाटलं, की ह्यांनी एकदा स्वतःहून त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा टाकला.

मग एका सकाळी मी पडवी सारवत होते आणि पत्रा वाजला.

माळेगावचा मुक्काम

ह्यांनी काही ऐकायच्या आत मी तांब्याला माझ्या माहेरी, माळेगावला धाडायचं ठरवलं. तिथं माझा भाऊ कारखान्याला ऊस वाहतो. जाता जाता त्यानं बारामतीत दुसरं इंजेक्शन दिलं आणि कुत्रं घरी नेऊन बांधलं. मी ह्यांना म्हटलं, "तिथं बरा झाला तर आपल्या घरात कायतरी हाय. तिथं बी न्हाय झाला तर..."

तिथं तो बरा झाला. भावाचा निरोप आला, की अंगाला हात लावला तर लव लागते आहे. फक्त खात नाही, वाटेकडं बघत बसतो. हे ऐकून आबांना धीर धरवेना. ते माळेगावला गेले, त्याला हातानं भाकरी चारली, एक रात्र त्याच्यापाशी काढली आणि परत आले.

मग भावाचा दुसरा निरोप आला. वस्तीच्या फाट्यावर नवा एसटीडी बूथ झाला होता, त्या बूथवाल्यानं येऊन सांगितला. आबा येऊन गेल्यापासून कुत्रं परत खाजवतंय. माझ्या पोरांना लागायच्या आत घेऊन जा.

आबा छपराच्या दारात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. दोन्ही हात पालथे करून बघितले, मग उताणे करून बघितले.

"म्हंजी मीच हाय व्हय त्याची खरूज?"

हे फक्त म्हणाले, "उद्या सकाळी तात्या येतोय," आणि आत गेले. त्या वेळी आबांच्या चेहऱ्याकडं मला बघवत नव्हतं.

माझे हात

त्याच दिवशी दुपारनंतर भावानं उसाच्या रिकाम्या ट्रेलरमधून तांब्याला आणलं. मी पुढं झाले. त्यानं साखळी आबांच्या हातात दिली, आणि माझ्या दोन्ही हातांवर घडी घातलेली घोंगडी ठेवली.

"ही आबांची. थंडीत कुडकुडतंय, आन् आपल्या घरचा वास राहावा, म्हणून त्याच्या अंगावर घालून आले व्हते."

मी ती नेहमीसारखी हातांवर आडवी घेऊन छपरात नेली आणि दांडीवर टाकली. दिवेलागणीला भाकरी थापायला बसले, आणि माझे हात कोपरापासून मनगटापर्यंत पेटले.

मी पीठ तसंच सोडून हातांकडं बघत बसले. गेले कितीतरी दिवस या हातांना काही झालं नव्हतं. तांब्या घरात नव्हता, म्हणून असेल असं मी धरून चालले होते. पण आज मी तांब्याला हातही लावला नव्हता. साखळी आबांकडं होती. मी उचलली होती ती घोंगडी. आणि आबा घरात झोपायचे तेव्हा रोज सकाळी तीच मी अशीच हातांवर घेऊन दांडीवर टाकायची. रूपा आबांच्या मांडीवर बसायची तेव्हा मान या घोंगडीवरच टेकवायची. टेम्पोत तांब्याला तिच्यातच गुंडाळलं होतं.

मी ह्यांना चुलीपाशी बोलावलं. "तुमचं हात दावा."

"माझ्या हाताला काय झालंय?"

काहीच झालं नव्हतं. स्वच्छ हात. सगळ्या घराला खाज, आणि ह्यांना नाही. ज्या माणसानं घरातली एक घडी कधी उचलली नाही, त्याला खाज येणार कुठून? हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, आणि ते पहिल्यांदाच माझं बोलणं मुकाट ऐकून घेत होते.

आता तुम्ही विचाराल, उकळायला काढलेल्या ढिगात घोंगडी का नव्हती. तर आमच्याकडं घोंगडीला विटाळ नसतो. सुतकात सगळं धुतात, घोंगडी धूत नाहीत. देवापुढं अंथरतात, लग्नात अंथरतात, बाळंतिणीच्या खोलीतून आणली तरी ती चोखच. डॉक्टर म्हणाले अंथरूण-पांघरूण, तेव्हा माझ्या मनात घोंगडी आलीच नाही. घोंगडी म्हणजे घोंगडी. वाकळ उकळायला काढताना तीच घोंगडी मी माझ्या हातानं उचलून बाजूला ठेवली होती, आणि वाकळ वाळल्यावर परत तिच्यावर टाकली होती.

आता हे आबांना सांगायचं होतं. लोकर उकळली की आटते, मरते, हे मेंढरं राखलेल्या माणसाला मी काय सांगणार? शेवटच्या कातरणीची लोकर होती ती. त्यातल्या कुठल्या मेंढीची कुठली पट्टी हे ते बोट ठेवून सांगायचे.

मी छपरात गेले. आबांच्या समोर बसले, कितीतरी दिवसांनी. हात पुढं केले आणि सगळं सांगितलं. तांब्या त्यांच्या पायाशी बसून मान खाजवत होता.

आबांनी सदरा वर करून कमर दाखवली. तिथं पुरळाची रांगच्या रांग उठली होती. "मला बी हाय," ते म्हणाले. "सांगितलं न्हाय. तुमी मला बी हाकलला आसता."

"आबा..."

"घोंगडीला विटाळ न्हाय म्हनलं व्हतं पोरी," ते सावकाश म्हणाले. "किडा न्हाय आसं कुनी म्हनलं व्हतं?"

काहील

सकाळी तात्या आले. त्यांच्या हातात फडक्यात काहीतरी होतं, ते त्यांनी मागं धरलं होतं. आबा अंगणात उभे होते. म्हणाले, "तात्या, बरं झालं आलास. तुझी गुऱ्हाळाची रस आटवायची काहील दे. मोठी."

"काहील? कशाला आबा?"

"घोंगडी उकळायची हाय."

तात्यांनी एकदा आबांकडं, एकदा घोंगडीकडं पाहिलं. या घरची घोंगडी उकळायची म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं. फडक्यातलं जे होतं ते त्यांनी बांधापलीकडं जाऊन खड्डा करून पुरलं, आणि मग ते आणि हे दोघं मिळून काहील उचलून घेऊन आले.

आबांनी स्वतः घोंगडी पाण्यात सोडली. विणताना लावलेली चिंचोक्याची खळ सुटली, पाणी काळं झालं, आणि मेंढरांचा असा वास उठला की शेळ्याही ओरडायला लागल्या. आबा काठीनं ती वरखाली करत होते. धुरानं की कशानं, त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्यांनी हात मोकळा केला नाही. कुणी त्यांच्या हातातून काठी मागून घ्यायचं धाडस केलं नाही.

तिसरं इंजेक्शन झालं. छपराला परत चुना मारला. आबांच्या कमरेला, माझ्या हातांना मलम. मग पत्रा वाजला नाही. पुढचे किती दिवस तरी मी सारवता सारवता हात थांबवून कान देत होते. हिवाळा सरेपर्यंत तांब्याच्या अंगावर तांबूस लव आली, आणि उन्हाळ्यात तर तो पहिल्यासारखा दिसायला लागला. आबा घरात परत आले. रूपानं पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. मी भिंतीला टेकून मनसोक्त रडले.

तुमच्या घरीही असं काही असेल. धुवायचं नसतं म्हणून कुणाच्या ध्यानात न येणारं. कुत्रं तिथंच झोपत असेल. ते आधी शोधा, मग इंजेक्शनाचं नाव विचारा. त्या बाईला मी हेच सांगणार होते.

घोंगडी आटून निम्मी झाली, आणि फळीसारखी ताठ. ह्यांनी बारामतीहून नवी आणली, चांगली मऊ. आबांनी ती रूपाला देऊन टाकली. स्वतः जुनीच पांघरायचे. महिन्या-दोन महिन्याला मी ती उकळत्या पाण्यातून काढायची, आता तिच्यात आणखी आटायला काही उरलं नव्हतं. ती छातीवर ओढली की गुडघ्यापर्यंतच पुरायची. पुढं कितीतरी हिवाळे गेले, आबा थकले, पण दुसरं पांघरूण त्यांनी अंगावर घेतलं नाही. आणि त्यांचे पाय उघडे कधी राहिले नाहीत, कारण घोंगडी जिथं संपायची, तिथं तांब्या झोपायचा.